चाळ एकदाच पडते: पेणच्या कारखान्यातल्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

गणपती जाऊन तीन आठवडे होत आले. कारखाना रिकामा आहे. फळ्या, रबरी साचे, कॉम्प्रेसर, स्प्रे-गन सगळं हाताशी आहे आणि पुढच्या वर्षाच्या मूर्तींचं काम डिसेंबर संपता संपता सुरू होईल. तेवढ्या दिवसांत चार मिनिटांची फिल्म करायची आहे: एक महाकाय नायक, एक राक्षस, मधे तीन मजली कौलारू चाळ. ती चाळ पडते. संगणकावर काही रचायचं नाही. १९६६ मध्ये जपानमध्ये 'अल्ट्रामॅन' ज्या रीतीने केली त्याच रीतीने करायचं: पोशाखातला माणूस, त्याच्या गुडघ्याएवढी घरं आणि वेगात फिरणारा कॅमेरा.

ही मालिका १७ जुलै १९६६ पासून ९ एप्रिल १९६७ पर्यंत टीबीएस वाहिनीवर लागायची, ३९ भाग. करणारे एइजी त्सुबुराया, ज्यांनी १९५४ च्या 'गोजिरा' (गॉडझिला) सिनेमाचे ट्रिक सीन उभे केले होते. पावसाळ्यात मी सगळे भाग दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी गोष्ट बाजूला ठेवून फक्त भिंती कशा फुटतात ते पाहिलं. मूर्तिकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ते प्लास्टर लगेच ओळखू येतं.

आज फक्त प्रमाण ठरवलं. पोशाखात भाचा जाणार, उंची १७० सेंटिमीटर. १:२५ धरलं तर पडद्यावर तो साडेबेचाळीस मीटरचा होतो. अल्ट्रामॅनही ४० मीटरचाच. चाळीचा एक मजला १२ सेंटिमीटर, तीन मजले ३६, वर छप्पर ६. म्हणजे ४२ सेंटिमीटर उंच, ७५ रुंद.

९ ऑक्टोबर

वेगाचा हिशेब. ज्याला असं काही करायचंय त्याने हा आधी करावा, मग खरेदीला जावं. ४२ सेंटिमीटरवरून पडलेलं कौल ०.२९ सेकंदात खाली येतं. खऱ्या चाळीच्या साडेदहा मीटरवरून पडायला त्याला १.४६ सेकंद लागतात, म्हणजे पाचपट. प्रमाण २५, त्याचं वर्गमूळ ५. म्हणून सेकंदाला १२० फ्रेम घ्यायच्या आणि २४ ने दाखवायच्या. माझ्या फोनमध्ये १२० आहे. १:२५ घेण्याचं अर्धं कारण तेच होतं.

कॅमेऱ्याची उंचीही यातूनच निघते. रस्त्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर, इथे ते साडेसहा सेंटिमीटरवर येतात. फोन उलटा धरला की लेन्स खाली येते आणि ही उंची सहज मिळते. तिवई नकोच, वाळूची पुरचुंडी पुरते.

१९ ऑक्टोबर

पहिली भिंत ओतली होती, आज फोडून पाहिली. फुटली नाही.

भाच्याने लाथ घातली, तर भिंतीला मधोमध तडा गेला आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लोंबकळत राहिले. आत काथ्या. तात्यांनी माल कालवून दिला होता आणि गेली चाळीस वर्षं ज्या हाताने ते पीओपीत काथ्या घालतात त्याच हाताने इथेही घातला. मी शेजारी उभी होते आणि मलाही ते खटकलं नाही. आमचं सगळं शिक्षण मूर्ती फुटू नये यासाठीचं. इथे बरोबर उलटं हवंय.

तात्या म्हणाले, "पोरी, पडायचंच असेल तर पाणी वाढव." कारखान्यात आम्ही साधारण दहा किलो पावडरीला सात लिटर पाणी घेतो. आता दहाला दहा घेतलं. जाडीही १२ मिलिमीटरवरून ४ वर आणली. माल भराभर धरतो म्हणून त्यात थोडा लिंबाचा रस पिळला, त्याने हाताशी जरा जास्त वेळ मिळतो.

गेलं काय: एक पोतं पीओपी आणि आठ दिवस.

२४ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. भिंती वाळेनात. वरून कोरड्या लागतात, पण गालाला लावल्या की गार. गार लागली म्हणजे आत पाणी आहे. अशी एक ओली भिंत पाडून पाहिली तर ढेकळं पडली, आवाजही भद्द. खणखणीत वाळलेली भिंत फुटताना तिचे टोकदार तुकडे उडतात, आणि पडद्यावर तेच विटा-चुन्यासारखे दिसतात. पंखा लावून ठेवला आहे. भट्टीजवळ न्यायचा मोह झाला तरी नेऊ नये, जास्त तापलं की पीओपी भुगा होतं.

थांबलेल्या दिवसांत आतल्या बाजूने चरे पाडले. करवतीच्या पात्याने अर्ध्या जाडीपर्यंत. चरे सरळ आणि समांतर पाडले तर भिंत बिस्किटासारखी चौकोनी तुटते आणि खोटेपणा कळतो. वाकडेतिकडे, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेले पाडावेत. खरी भिंतही तिथूनच तडकते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बहीण आली तशी भाच्याची मापं घेऊन टाकली.

पोशाखाचा पहिला प्रयोग फसला आहे. लायक्राचा शिवून घेतला, ८५० रुपये गेले. अंगावर छान बसतो. पण गुडघा वाकवला की मागे कापडाच्या बारीक चुण्या पडतात, आणि ४० मीटरच्या देहावर इतकी बारीक चुणी पडूच शकत नाही. डोळा ते लगेच पकडतो. अल्ट्रामॅनचा पोशाख वेटसूटच्या, म्हणजे पाणबुडे घालतात त्या पोशाखाच्या, रबरावर का बेतला होता ते चुण्या पाहिल्यावर उमगलं: जाड रबराची घडी मोठी पडते, सावकाश पडते. ओळखीतल्या एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडे जुना वेटसूट होता, १२०० रुपयांना मिळाला. खांद्याला फाटलेला होता, तो पंक्चरवाल्याच्या सोल्यूशनने जोडला.

८ नोव्हेंबर

रुपेरी रंग. वेटसूटवर स्प्रेने मारला, सुंदर दिसला, भाच्याने हात वर केला आणि काखेतून पापुद्रे गळाले. दुसऱ्यांदा प्रायमर मारून केलं, तेच. तिसऱ्यांदा रंग मारलाच नाही. साच्यांसाठी आणतो त्या लेटेक्समध्ये रुपेरी पावडर कालवून ब्रशने चार पातळ हात दिले. रबरावर रबर, त्यामुळे ताणलं तरी सुटत नाही. वास मात्र भयंकर, अमोनियाचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच करावं. आणि तांब्याची तार या रबराला टेकू देऊ नये, तिथे ते काळवंडून चिकट होतं. मी छातीवरच्या दिव्याची वायर तशीच उघडी ठेवली होती, तो तुकडा परत करावा लागला.

१२ नोव्हेंबर

मुखवटा. यात जी चूक केली ती जपानमध्ये होऊन गेली होती, मला माहीत होती, तरी केली.

अल्ट्रामॅनचा पहिला मुखवटा तोंडापाशी मऊ रबराचा होता, बोलताना ओठ हलावेत म्हणून. तो सुरकुतला. पुढच्या भागांत कडक मुखवटा आला आणि तोच शांत, न हलणारा चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहिला. आकार ठरवला होता तोरू नारिता यांनी, घडवला अकिरा सासाकी यांनी. मला वाटलं आपलं लेटेक्स चांगलं आहे, आपण जमवू. शाडूवर चेहरा घडवला, साचा काढला, हनुवटीपासून गालापर्यंतचा भाग मऊ ठेवला. तीन दिवस ठीक होता. चौथ्या दिवशी ओठांच्या दोन्ही कडांना म्हाताऱ्या माणसासारख्या रेषा. सगळा चेहरा फायबरमध्ये परत ओतला. नऊ दिवस आणि रेझिनचा एक डबा वाया.

पण फायबरचा आल्यावर कळलं की हा चेहरा हलायला नकोच होता. आम्ही मूर्तीची आखणी करतो तेव्हा डोळ्यांची एक रेघ इकडची तिकडे झाली तर मूर्ती रागावलेली दिसते. या मुखवट्याचंही तसंच आहे. मान किती झुकते त्यावर तो कधी दयाळू दिसतो, कधी कठोर. भाच्याला आरशासमोर तासभर फक्त मान झुकवायला लावली.

१४ नोव्हेंबर

"मावशी, मला खाली काहीच दिसत नाही गं. चाळ कुठाय तेच कळत नाही."

डोळ्यांच्या दुधी काचेमागे एलईडी आहे, त्याचा उजेड आतच पसरतो आणि बाहेरचं दिसत नाही. अल्ट्रामॅनच्या मुखवट्यालाही डोळ्यांखाली बारीक भोकं पाडावी लागली होती. नीट पाहिलं तर ती मालिकेत दिसतात. मीही ६ मिलिमीटरची दोन पाडली, वरून एलईडीला काळी टेप लावून उजेड पुढेच जाईल असं केलं. तरी त्याला पायाशी दिसत नाहीच. त्यामुळे पावलं मोजून ठरवली: डावं, उजवं, डावं, लाथ. फळीवर जिथे पाऊल पडायचं तिथे खाली दोरीची गाठ ठोकली, तळव्याला लागते.

१७ नोव्हेंबर

चाळ क्रमांक एक.

कौलं मी रबरी साच्यातून काढली. खरं मंगलोरी कौल साधारण चाळीस सेंटिमीटर लांब असतं, इथे ते दीड सेंटिमीटरहून जरा मोठं होतं. नऊशेच्या वर कौलं. बहिणीने आणि मी चार संध्याकाळी बसून फेव्हिकॉलने एकेक लावली. घट्ट लावली, नीट ओळीत, कारण हाताला तशीच सवय.

लाथ बसली. भिंती अप्रतिम फुटल्या. आणि छप्पर डब्याच्या झाकणासारखं अख्खं उचललं जाऊन पलीकडे पडलं. एकही कौल सुटलं नाही.

चार संध्याकाळी आणि एक चाळ. भाचा काही बोलला नाही, बहीण आत जाऊन चहा करत राहिली.

दुरुस्ती: फक्त पाचवी-सहावी ओळ टाचून घ्यायची, बाकी कौलं नुसती एकमेकांवर ठेवायची. वासे काडेपेटीच्या काड्यांचे नकोत, ते लवचिक असतात आणि तुटताना खोटे वाटतात. खराट्याचे वाळलेले हीर घेतले, मधे ब्लेडने खाच मारली.

२० नोव्हेंबर

धूळ. दिवस धुळीत गेला आणि तो सत्कारणी लागला.

रांगोळी टाकून पाहिली, जड, सरळ खाली बसते. कणकेचं पीठ हवेत छान तरंगतं, पण पीठ उडत असताना ठिणगी पडली तर पेट घेतं, आणि आमच्याकडे उघड्या वायरी होत्या. नकोच. सिमेंट फुप्फुसात जातं. मुलतानी माती वस्त्रगाळ केली ती जमली: ढग उठतो, रेंगाळतो, मग बसतो. भिंतीच्या पोकळीत कागदाच्या पुड्या करून ठेवायच्या, भिंत फुटली की पुडी फाटते. मास्क सगळ्यांनी लावायचे.

पाचपट संथ केल्यावर ती धूळ पाहिली तेव्हा पहिल्यांदा चाळ मोठी वाटली.

२४ नोव्हेंबर

राक्षस. नवा करायला पैसे नाहीत. त्सुबुरायांकडेही दर आठवड्याला नवा पोशाख करायला पैसे आणि दिवस नव्हते. दहाव्या भागातला जिरास हा खरं तर गोजिराचा पोशाख, मानेभोवती मोठी झालर लावलेला. बारागॉन या आधीच्या एका सिनेमातल्या राक्षसाचा पोशाख बदलून बदलून मालिकेतले नेरोंगा, मागुलर आणि गाबोरा हे राक्षस झाले. मला हे फार आवडतं. आमच्याकडेही मंडळं देखाव्यातल्या आकृत्या ठेवून जातात. एक बकासुर पडून होता, कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ, कंबरेपासून वरचा. मंडळाच्या मुलांना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. मिशा काढल्या, कपाळ वाढवलं, मानेचा जोड दिसत होता तिथे रबराची झालर बसवली.

आत तात्यांचा धाकटा मुलगा. झालर पहिल्याच सरावात निघाली. आता ती दोऱ्याने शिवली आहे, नुसती चिकटवलेली नाही.

१ डिसेंबर, रविवार

चाळ क्रमांक दोन. ही नोंद लिहायला मला दोन दिवस लागले.

सगळं जुळून आलं होतं. मांजरपाटावर स्प्रे-गनने रंगवलेलं संध्याकाळचं आभाळ, पुढे रस्ता, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, एका खिडकीत पिवळा दिवा. चाळीच्या मधल्या खांबाला मांजा बांधून तो फळीतल्या भोकातून खाली सोडला होता. लाथ टेकताच तात्यांनी खालून ओढला. चाळ आधी पोटातून खचली, मग भिंती बाहेर पडल्या, कौलं एकेक सुटून पावसासारखी आली. असं पडणं मी परत घडवू शकेन का माहीत नाही.

संगणकावर पाहिलं तर अख्खं चित्र लुकलुकतं आहे. आम्ही चार मोठे एलईडी फ्लडलाइट लावले होते, मांडवाचे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या की त्या दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि पाचपट संथ केल्यावर ती लुकलुक सेकंदाला चार वेळा डोळ्यात येते. शटर १/१०० सेकंद उघडं ठेवलं की एरवी हा दोष लपतो. पण १२० फ्रेममध्ये एका फ्रेमला १/१२० सेकंदाहून जास्त वेळ मिळतच नाही, त्यामुळे तो उपायही नाही.

हे अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत कळलं असतं. सगळे सराव मी फोनच्या साध्या वेगावर घेतले होते. कुणी हे करणार असेल तर हात जोडून सांगते: ज्या दिव्यात आणि ज्या वेगात खरा शॉट घेणार, त्याच दिव्यात, त्याच वेगात आधी एक रिकामं खोकं पाडून बघा.

४ डिसेंबर

१२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या अडॅप्टरवर लावून पाहिल्या. लुकलुक नाही, पण उजेड अपुरा, चित्र दाणेदार. दिवे वाढवायचे तर अजून चार-पाच हजार. त्यापेक्षा ऊन. उन्हाला हर्ट्झ नाही.

कारखान्याची गच्ची मोकळी आहे. फोन जमिनीलगत असल्याने मागे नुसतं आभाळ येतं, नारळाची झाडं आणि तारा फळीच्या कडेखाली जातात. म्हणजे वीस मीटर मांजरपाट आणि रंगवायला घातलेले तीन दिवस कामी आलेच नाहीत.

१० डिसेंबर

मारामारीचे शॉट आधी घेतले. १२० फ्रेममध्ये दोघं पाण्याखाली भांडतायत असं दिसलं. गणित पाचपट सांगतं, पण पंधरा सेकंदांची झटापट सव्वा मिनिट कोण पाहणार? माणूस फिरतो तेव्हा ६० फ्रेम, काही पडतं-फुटतं तेव्हा १२०, असं ठरवलं. हिशेबाला हे सोडून आहे, डोळ्याला पटतं.

पोशाखात किती वेळ राहायचं हा प्रश्न आज आला. भाच्याला नवव्या मिनिटाला गरगरलं. मुखवटा काढायला मागची चेन अडकली, कात्रीने कापली. गोष्टीतल्या अल्ट्रामॅनला पृथ्वीवर तीन मिनिटंच टिकता येतं, छातीवरचा दिवा निळ्याचा लाल होऊन लुकलुकतो. लहान मुलांना त्यातली धाकधूक समजते. मला आज वाटलं, पोशाखात जाणाऱ्या बिन फुरुया यांना ते तीन मिनिटं वेगळीच कळत असणार. आमचा नियम: सहा मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, पंखा, ओआरएस, आणि चेन उघडायला एक माणूस कायम पाठीशी. चेन आता जाड दातांची लावली आहे, ओढायला सुतळीची फीत.

१५ डिसेंबर

तिसऱ्या चाळीच्या भिंती वाळल्या. थंडीत हवा कोरडी, पाच दिवसांत गाल गार लागेनासा झाला.

दहा आठवड्यांत आमची फिल्म अजून चार मिनिटांची झालेली नाही. ते लोक दर आठवड्याला एक भाग देत होते. मालिका थांबली तेव्हा पाहणारे भरपूर होते, पण भाग वेळेवर तयार होत नव्हते. हे आधी वाचलं तेव्हा तो मला त्यांचा आळस वाटला होता. आता तसं म्हणवत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चाळ क्रमांक तीन.

काल रात्री सगळं गच्चीवर चढवलं. भिंती उभ्या ठेवूनच न्यायच्या, आडव्या नेल्या की चऱ्यांवर तुटतात. जिन्यात एक तुटली, सुटी भिंत जास्तीची ओतून ठेवली होती म्हणून निभावलं.

अकराच्या सुमाराला खाडीकडून वारा सुटतो, धूळ एका बाजूला पळते. म्हणून साडेआठला तयार. ऊन तिरकं, गॅलरीच्या कठड्यांच्या सावल्या भिंतीवर लांब. आधी रिकामं खोकं पाडून पाहिलं. लुकलुक नाही. मग गॅलरीत कपडे टांगले, कौलं शेवटची हाताने नीट केली, कुणी शिंकू नका म्हणून सगळ्यांना सांगितलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी भाचा चालत आला. डावं, उजवं, डावं. तिसरं पाऊल दोन बोटं चुकलं, त्यामुळे लाथ चाळीच्या मध्यावर न बसता कोपऱ्यावर बसली. तात्यांनी मांजा ओढला. कोपरा आधी गेला आणि बाकीची चाळ एक क्षण तशीच उभी राहिली, मग डावीकडून उजवीकडे रांगेने खाली आली. हे मी आखलं नव्हतं. दुसऱ्या चाळीपेक्षा हे पडणं कमी सुबक आहे, पण जास्त खरं आहे. एक सदरा दोरीसकट हवेत राहिला आणि सगळ्यांच्या शेवटी ढिगावर येऊन बसला.

फोनवर लगेच पाहिलं. तात्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आता परत दाखव." सहा वेळा दाखवलं.

२८ डिसेंबर

एकूण खर्च १३,०१० रुपये. त्यातली लायक्रा, मांजरपाट, त्याचा रंग, रेझिनचा पहिला डबा आणि पहिल्या भिंतींचं पीओपी हे पूर्ण वाया. सगळ्यात स्वस्त मुलतानी माती, सगळ्यात महाग रविवार.

पीओपीचा ढिगारा पोत्यांत भरून मागच्या खड्ड्यात भरावाला टाकला आहे, ओढ्यात नाही. कौलांचा साचा धुऊन, पावडर लावून वरच्या फळीवर ठेवला. त्यातून अजून दोन-तीन हजार कौलं निघतील. वेटसूट उलटा करून वाळत घातलाय.

उद्यापासून खालच्या फळ्या मूर्तींना लागतील.